मदत हवी आहे: डच मुद्राचित्रांतली गाय, नुसती गाय की प्रतीक?

प्रिंटमेकिंगच्या सेमिनारसाठी विषय घेतलाय आणि पौलुस पॉटर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकारापाशी गाडी अडलीये. त्याची १६५० ची गुरांची आठ एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेली चित्रं) बघतोय. ल्युकास फान लायडनच्या १५१० च्या 'गवळण' या छापचित्रात प्रतीकार्थ लावायला अडचण नाही: मधोमध थोराड गाय, एका बाजूला चरवी घेतलेली बाई, दुसरीकडे तिच्याकडे बघणारा गडी. शिवाय डचमध्ये 'दूध काढणे' या क्रियापदाला चावट अर्थही होता. पॉटरच्या चित्रांत असं काहीच सापडत नाही. गाय म्हणजे हॉलंडची समृद्धी, हे सगळीकडे वाचलं. पण ते कुठल्याही गायीला चिकटवता येईल! डच कवी याकोब कात्सची बोधचित्रं (चित्र आणि सोबत बोधपर कविता) इंग्रजी अनुवादातून चाळली. डच येत नाही. तर प्रतीकार्थ मांडायला चित्रातलाच नेमका कोणता पुरावा धरायचा?