अंतराळ सहलीआधी वैद्यकीय तपासणी सक्तीची हवी का?

धंतोलीकर
आमच्या धंतोलीत मोतीबिंदू काढायचा म्हटला तरी आधी शुगर, ईसीजी आणि फिजिशियनची फिटनेस मागतात. अमेरिकेतून खासगी यानाने अंतराळात जाणाऱ्या प्रवाशाला मात्र कायद्याने तपासणीची सक्ती नाही. पायलटला मेडिकल सर्टिफिकेट लागतं. प्रवाशाला धोके लेखी कळवायचे आणि सही घ्यायची. पुढचं कंपनीच्या मर्जीवर. माझ्या मते तपासणी सक्तीची हवी, तीही कंपनीचा पगार न घेणाऱ्या डॉक्टरकडून.

महालवाला
साफ असहमत. अमेरिकन वैमानिक वॅली फंक १९६१ मध्ये अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या पास झाल्या, पण नासाने तेव्हा बायकांना घेतलंच नाही. शेवटी २०२१ मध्ये, ८२ व्या वर्षी, खासगी यानानेच गेल्या. त्याच वर्षी हेली आर्सेनो तीन दिवस कक्षेत राहून आली. लहानपणी हाडाचा कॅन्सर, पायात धातूचा रॉड! सरकारी निकषात कुठे बसली असती ती? सज्ञान माणसाने धोका समजून सही केली, विषय संपला.

वैदर्भी
नाही संपत भाऊ. सही करणाऱ्याला स्वतःच्या रक्तात काय आहे हे तरी माहीत असतं का? मी लॅबमध्ये काम करते. आपल्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक भरपूर. एएस पॅटर्नवाल्याला, म्हणजे वाहकाला, एरवी काहीच त्रास नसतो, त्यामुळे कित्येकांना पत्ताच नसतो. पण ऑक्सिजन फार कमी पडला तर त्याच्याही पेशी विळ्यासारख्या वाकतात, प्लीहेला इजा होऊ शकते. केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असतो, मान्य. तो घटला तर? सोल्युबिलिटी टेस्टला थोडंसं रक्त लागतं. सिकलसेलचा दोष असेल तर काही मिनिटांत ट्यूब गढूळ होते, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. मग इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्तचाचणीत एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) ते ठरतं. इतक्या साध्या तपासणीला विरोध कशासाठी?

महालवाला
तपासणीला नाही ताई, नापास करण्याच्या अधिकाराला विरोध आहे.

धंतोलीकर
नापास म्हणजे कायमची बंदी नव्हे. स्वखर्चाने अंतराळात निघालेले अमेरिकन उद्योजक ग्रेगरी ओल्सन यांना २००४ मध्ये फुफ्फुसावरच्या डागामुळे थांबवलं होतं. पुढे तब्येत ठीक ठरली आणि २००५ मध्ये ते अंतराळ स्थानकावर जाऊन आले. परतताना शरीरावर वजनाच्या चार-पाचपट भार येतो. तेव्हा एखाद्याच्या छातीत कळ आली तर यान मधेच उतरवता येत नाही. त्याची सही त्याच्यापुरती आहे, शेजारच्या सीटवरच्याची नाही.

महालवाला
कक्षेत दिवसेंदिवस राहायचं असेल तर हे मान्य, तिथे तपासणी सक्तीची करा. अंतराळाला नुसतं शिवून परतणाऱ्या दहा-अकरा मिनिटांच्या उड्डाणाला मात्र रिपोर्ट प्रवाशाच्या हाती द्या आणि जायचं की नाही ते त्यालाच ठरवू द्या.