जुनी गाडी: एजंट धरावा की स्वतःच घासाघीस करावी?

प्रश्न: सोलापुरात जुनी पेट्रोल गाडी बघतोय, बजेट ३ लाख. एजंट धरू की मालकाशी थेट बोलू?

उत्तर १: थेटच बोला. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा, गरम इंजिनात बरेच आवाज लपतात. टायर, बॅटरी, क्लचचा खर्च मेकॅनिककडून लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कापायला सांगा. नुसतं ‘कमी करा’ म्हणून कुणी ऐकत नाही.

उत्तर २: आरटीओला फेऱ्या मारायला वेळ नसेल तर एजंट फक्त कागदांपुरता धरा, भाव तुम्हीच ठरवा. तो विकणाऱ्याकडूनही कमिशन घेतो का, हे आधी विचारा.

उत्तर ३: गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हवाच. मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा १४ दिवसांत नावावर करा.