शिकाऊ हाताला पहिली गाडी कोणती: जुनी वॅगनआर की मेळ्यातली नवी आल्टो? (ग्वाल्हेर)

दौलतगंजची सून
मंडळी, सल्ला हवाय. लर्निंग लायसन्स हातात आलंय, ड्रायव्हिंग स्कूल चालू आहे आणि घरी रोज रात्री जेवताना गाडीवरून सभा भरते. बजेट चार लाख, फार ओढलं तर साडेचार. रोजचं जाणं दौलतगंज ते मुरार, शाळेत शिकवते, आणि अधूनमधून झाशी-आग्रा. सासरे म्हणतात पहिली गाडी जुनीच घ्यावी, काय ठोकाठोकी व्हायची ती तिच्यावर होऊ दे, त्यांच्या ओळखीत २०१७ ची वॅगनआर आहे, एका हातची, पावणेतीनला देतायत. नवरा म्हणतो ग्वाल्हेरचा व्यापार मेळा येतोय, रोड टॅक्स अर्धा, नवी आल्टो के१० घेऊन टाकू. माझा कल नवीकडे आहे पण का म्हणून विचारलं तर "नवी आहे" याच्यापुढे मला काही बोलता येत नाही. भांडा आता.

मुरारवाले काका
सासऱ्यांचं ऐक बाळा. सुरुवातीला डाव्या बाजूचा अंदाज कोणालाच येत नसतो, बाड्यावर ई-रिक्षावाला डावीकडून शिरला की घासलीच समज. जुन्या गाडीला ओरखडा पडला तर चहा पिऊन विसरता येतं, नवीला पडला तर घरात सुतक. आम्ही सगळे मारुती ८०० वर शिकलो, ना पॉवर स्टिअरिंग ना एअरबॅग, हात बसला तो आजतागायत. वॅगनआर उंच आहे, पुढचं सगळं दिसतं, पार्ट कुठेही मिळतात. दोन वर्षं चालव, वीक, मग घे नवी. नवीची किंमत तर शोरूमच्या गेटबाहेर पडली की उतरायला लागते.

थाटीपूरकर आई
काका, तुमचा मान ठेवून सांगते, नाही पटलं. नवशिक्याकडून ठोकाठोकी होणार हे तुम्हीच म्हणता आणि वर त्यालाच बिनएअरबॅगची गाडी देता, हा कुठला हिशोब? एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून, आणि शेजारच्या सीटची तर जुन्या मॉडेलना २०२२ उजाडताना. २०१७ च्या खालच्या व्हेरियंटमध्ये हे सगळं मागितलं तर, जास्तीचे पैसे देऊन. सूनबाई, आधी व्हेरियंट विचार. ओरखड्याचं जाऊ दे, जानेवारीच्या धुक्यात झाशी रोडवर बिनलाइटची ट्रॉली समोर आली तर चहा पिऊन विसरणार का?

हाफक्लच
पण आल्टो तरी कुठे ग्वाल्हेरचा किल्ला लागून गेलीय? २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटवून सुरक्षेचे तारे देणारी संस्था) के१० ला मोठ्यांसाठी दोन तारे दिले, नव्या वॅगनआरला एक, आणि मुलांच्या बाबतीत दोघींना भोपळा. २०२५ मध्ये के१० ला सहा एअरबॅग आल्या, चांगलंच झालं, पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा मजबूत होत नाही. टियागोला २०२० मध्ये चार तारे होते (आधीच्या, सोप्या टेस्टमध्ये, मीच सांगून टाकतो नाहीतर कोणीतरी येईलच). नवी टियागो साडेचारात ऑन रोड (टॅक्स-विम्यासकट) बसणार नाही, पण २०२२ ची किंवा नंतरची सेकंडहँड बघा. जुनीचा भाव, दोन एअरबॅग, एबीएस. काका खूश, आई खूश.

थाटीपूरकर आई
मी खूश वगैरे नाही, पण हे २०१७ पेक्षा बरंय.

गॅरेज फालका बाजार
तारे मोजून झाले असतील तर जरा गाडीकडे या. "एका हातची" हे मी आजवर प्रत्येक गाडीबद्दल ऐकलंय. बघायला जायचं तर सकाळी जा, मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका, आणि गेल्यागेल्या बोनेटला हात लावा, थंड असलं पाहिजे, गरम इंजिन अर्ध्या तक्रारी लपवतं. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या खुणेपाशी वर्षाची खूण असते, तीन काचा एका वर्षाच्या आणि चौथी वेगळी तर ती बदललीय, का बदलली ते विचारा आणि मालकाच्या तोंडाकडे बघा. बोनेट-फेंडरचे बोल्ट बघा, कडांचा रंग उडालाय म्हणजे पाना लागलाय. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आता मीटर सांगतंय पंचवीस हजार किलोमीटर आणि २०१७ च्या गाडीला चारही टायर २०२१ चे, तर पहिले टायर पंचवीस हजाराच्याही आत संपले? मीटर मागे फिरवणारे याच शहरात बसलेत भाऊ.

मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला घालून रेस दाबा, इंजिन ओरडतंय आणि गाडी वेग घेत नाही म्हणजे क्लच प्लेट आटोपली. आणि शिकाऊ हात क्लच प्लेट खातोच, नवी असो की जुनी, ते पैसे बाजूला ठेवूनच भाव करा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर मालकाच्या सह्या, थकलेली चालानं ऑनलाइन बघून घ्या, विमा १४ दिवसांत नावावर करा. मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

मुरारवाले काका
हेच म्हणतोय मी, बघून घ्या.

गॅरेज फालका बाजार
तुम्ही मारुती ८०० म्हणत होतात काका.

सिटी सेंटरवाला
ऑटोमॅटिकचं कोणी नावच काढत नाहीये! गोला का मंदिरला संध्याकाळी पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करून डावा पाय भरून येतो, त्यात नवीन माणूस आरसे बघणार, रिक्षा बघणार की गिअर बघणार? आपल्याकडे ऑटोमॅटिकसाठी वेगळं लायसन्सही लागत नाही, एलएमव्हीत (हलक्या गाड्यांच्या लायसन्समध्ये) दोन्ही येतं. के१० एजीएसमध्ये, म्हणजे मारुतीच्या ऑटोमॅटिकमध्ये, मिळते की.

हाफक्लच
मिळते, पण साडेचारात ऑन रोड नाही बसत. आणि ती खरी ऑटोमॅटिक नाही, आतमध्ये तोच क्लच, तोच गिअरबॉक्स, फक्त तुमच्याऐवजी मशीन दाबतं. चढावर हिल होल्ड नसेल तर ती पण मागे सरकते. किल्ल्यावर उरवाईच्या चढावर रांगेत थांबायची वेळ आली आणि मागे बाहेरगावची इनोव्हा चिकटून उभी असली की तिथे ब्रेकवरून पाय काढून हाफ क्लचवर गाडी धरता आली पाहिजे, मग कोणतीही गाडी चालवा. शाळेतल्या बाईंना हे जमणार नाही असं का धरून चालता?

सिटी सेंटरवाला
रोज किल्ल्यावर कोण जातंय यार. मुरारला जायचंय त्यांना.

लष्करचा लेखापाल
मेळ्याचं जरा नीट समजून घ्या, "मेळ्यात गाडी अर्ध्या किमतीत" इथपर्यंत लोक ऐकून येतात. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या मेळ्यात आता निम्मी गर्दी गाड्यांच्या मंडपात असते ती या सवलतीसाठी, पण सूट रोड टॅक्समध्ये ५० टक्के, गाडीच्या किमतीत नाही. फक्त नव्या गाडीवर, आणि रजिस्ट्रेशन इथल्या आरटीओत. सरकारी आदेश कधीकधी मेळा सुरू झाल्यावर निघतो, तेव्हा आधी बुकिंग करायचं तर सूट मिळाली नाही तर पैसे परत, हे लिहून घ्या. टॅक्स किमतीच्या टक्क्यात असल्यामुळे स्वस्त गाडीवर तो मुळात थोडा आणि त्याचा अर्धा त्याहून थोडा, खरी मजा पंचवीस लाखवाल्यांची. तुमचा मोठा फायदा आधीच झालाय, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर (१२०० सीसी आणि ४ मीटरच्या आत) सेससकट २९ टक्के होते त्याचे १८ झाले. तेव्हा के१० चा भाव ३ लाख ६९ हजारांपासून जाहीर झाला होता, एक्स-शोरूम. त्यावर टॅक्स आणि विमा, नव्या गाडीचा थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. आणि शोरूमवाला सीट कव्हर-मॅटचं पॅकेज गळ्यात मारेल ते नको म्हणा, मॅट नई सडकेवर घ्या.

दौलतगंजची सून
एवढं सगळं वाचून आज दोन गोष्टी केल्या. वॅगनआरचा व्हेरियंट विचारला, एलएक्सआय, एअरबॅग नाही. सासरे "बरं" एवढंच म्हणाले. मग टेप घेऊन गल्ली मोजली, आमच्या समोरच्यांचा ओटा पुढे आलाय तिथे खरी अडचण आहे. आल्टोची रुंदी १४९० मिमी, २०१७ ची वॅगनआर जवळपास तेवढीच, टियागो १६७७, त्यात आरसे धरलेले नाहीत. टियागो आरसे मिटूनसुद्धा ओट्याला पप्पी देऊन जाईल. हाफक्लच, सॉरी.

हाफक्लच
ओटा पाडा.

थाटीपूरकर आई
मग आल्टोच घे, सहा एअरबॅगवाली, आणि विम्यात झीरो डेप (क्लेममधून घसारा न कापणारी जोड) घालून घे म्हणजे काकांचे ओरखडे पण त्यात. एक मात्र लक्षात ठेव, पक्कं लायसन्स लर्निंगनंतर तीस दिवसांनी टेस्ट दिल्यावर, तोवर पुढे-मागे लाल एल हवा आणि शेजारी पक्क्या लायसन्सवाला माणूस बसलेला हवा. एकटी गेलीस आणि काही झालं तर विमा कंपनी तुझ्या गाडीचा क्लेम नाकारू शकते.

मुरारवाले काका
सासऱ्यांना बसव शेजारी. अनुभवी माणूस.

दौलतगंजची सून
काका, सासऱ्यांचं लायसन्स स्कूटरचं आहे.