सलग दोन दिवस लांब पल्ल्याचे स्की टूरिंग: दुसरा दिवस कसा निभवावा?

म्हापशेकर

नमस्कार. आम्ही चार मित्र आहोत; दोघे म्हापशाचे, एक फोंड्याचा आणि एक काणकोणचा. गेली तीन वर्षे फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन आम्ही स्की शिकलो आणि गेल्या खेपेस स्किन लावून चढण्याचाही चार दिवस सराव केला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची लवदार पट्टी. तिची लव मागे वळलेली असल्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही, आणि टाच मोकळी ठेवून माणूस बर्फावरून चालत वर चढतो. माथ्यावर पट्टी काढून टाच बंद केली की उतरायला मोकळा.

यंदा शनिवारी आणि रविवारी लागोपाठ दोन लांब ट्रॅव्हर्स, म्हणजे डोंगरावरच्या फेऱ्या, करावेत असे मनात आहे. शनिवारी गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग कुरणाच्या अंगाने ८ किलोमीटर चाल आणि ११०० मीटर चढ, मग ६ किलोमीटरांचा उतार. रविवारी गुलमर्गपासून अफरवट डोंगराच्या धारेपर्यंत १० किलोमीटर आणि १३०० मीटर चढून, धारेवरून आडवे जाऊन द्रंगच्या बाजूला उतरायचे. एकेक दिवस स्वतंत्रपणे जमेल याची खात्री आहे. शंका आहे ती दुसऱ्या दिवसाची. शुक्रवारी संध्याकाळी पोचून शनिवारी सकाळी निघावे काय, आणि दोन्ही दिवस ताकद पुरवण्यासाठी काय करावे?

घाटमाथा

म्हापशेकर बाब, बेत चांगला आहे, पण आकडे कागदावर मांडून पाहा. वेर्नर मुंटर या स्विस गाईडची एक सोपी रीत आहे: प्रत्येक किलोमीटरला एक गुण आणि प्रत्येक १०० मीटर चढाला किंवा उताराला एक गुण, चढताना तासाला ४ गुण, स्कीवर उतरताना १०. तुमचा शनिवारचा चढ ८ अधिक ११ म्हणजे १९ गुण, तेव्हा पावणेपाच तास; उतार ६ अधिक ११ म्हणजे १७ गुण, पावणेदोन तास. थांबे धरून आठ तास झाले. रविवारचा चढ २३ गुणांचा आहे. ताज्या पायांना तो पावणेसहा तास घेईल, पण थकलेल्या पायांचा वेग तासाला ३ गुण धरला तर तोच चढ पावणेआठ तासांवर जातो, आणि धारेवरचे आडवे चालणे व उतार अजून बाकीच असतो. फेब्रुवारीत तिकडे उजेड जेमतेम अकरा तास. म्हणून शनिवारची फेरी रविवारकडे पाहून कापा. ८०० मीटर चढ झाला की परत फिरा, मग पाय कितीही खुशीत असोत.

दुसरे म्हणजे, रविवार खरा ठरतो तो शनिवारच्या संध्याकाळी. तीन वर्षांपूर्वी मी दमून खोलीवर आलो, ओल्या स्किन तशाच घडी करून पिशवीत कोंबल्या आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी तासाभराच्या चढानंतर उजव्या पायाची पट्टी मागच्या टोकापासून सुटू लागली. सुटलेल्या भागाखाली बर्फाचा भुगा शिरला आणि एकदा डिंकावर बर्फ बसला की तो काही केल्या चिकटत नाही. पँटवर घासून पाहिले, तोंडाने वाफ देऊन पाहिले, शेवटी स्की आणि पट्टी मिळून चिकटपट्टीचे तीन वेढे घातले. प्रत्येक पावलाला ते वेढे बर्फावर खरखरत होते. मित्र वर थांबून कुडकुडत होते, आणि त्यांची ती अर्ध्या तासाची थंडी माझ्या आळसामुळे होती.

तेव्हा खोलीवर येताच स्किन उलगडून दोरीवर टांगाव्यात, पण बुखारीच्या (खोली तापवणाऱ्या शेगडीच्या) अगदी वर नव्हे, कारण डिंक वितळला की तो पट्टीवर न राहता स्कीच्या तळाला लागतो. बुटांची आतली अस्तरे काढून वेगळी सुकवावीत. दिवसा उतरताना स्किन पाठपिशवीत न ठेवता जाकिटाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवाव्यात.

आल्तिनोकर

शुक्रवारी संध्याकाळी पोचणे मला मुळीच पटत नाही. आपण समुद्रसपाटीची माणसे. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे आणि धार ४००० मीटरच्या आसपास. बुधवारी किंवा निदान गुरुवारी पोचा, शुक्रवारी थोडीशी चाल आणि ट्रान्सीव्हरचा (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणाऱ्या रेडिओ यंत्राचा) सराव एवढेच करा. डोके दुखत असेल, जेवणावर वासना नसेल तर शनिवारी वर जाऊ नये.

सरावाबद्दल सांगायचे तर, गोव्यात लोक चढावर भर देतात आणि उतार विसरतात. स्कीवर दुसऱ्या दिवशी मांड्या जातात त्या उतारामुळे, कारण वाकलेल्या गुडघ्यावर सगळे वजन पेलून धरावे लागते. म्हणून दहा किलोंचे ओझे घेऊन शनिवारी आणि रविवारी, असे लागोपाठ दोन दिवस चढा आणि ओझे घेऊनच उतरा. आठवड्याच्या मधल्या दिवशी पणजीत आल्तिनोच्या पायऱ्या पुरतात. सुटीच्या दिवशी सत्तरीतले डोंगर आहेत, फक्त म्हादई अभयारण्याच्या हद्दीत शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्या. मी तर एकदा स्कीचे बूट घालून इमारतीच्या जिन्यावरून उतरत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी नळदुरुस्तीवाला आला समजून दार उघडले होते.

खाण्याबद्दल एकच: भूक लागण्याची वाट पाहू नका, दर तासाला काहीतरी तोंडात टाका. काजू आणि खजूर थंडीतही दाताला फुटतात, चॉकलेटच्या वड्या मात्र दगड होतात. पाण्याची नळीवाली पिशवी नको, नळीतले पाणी गोठते, थर्मास घ्या. आणि संध्याकाळी मीठ घातलेली गरम पेज. मी उकडे तांदूळ घरूनच नेते, हॉटेलवाले बिचारे शिजवून देतात.

बर्फकण

वरील दोघांनी शरीराचे सांगितले. मी बर्फाचे सांगतो. हिमस्खलने बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि स्कीचा आनंद देणारे उतारही नेमके तेच असतात. गोंडोल्याच्या (डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या) परिसरातील ठरावीक भागच स्कीचे गस्ती पथक तपासून खुला करते. तुमचे दोन्ही मार्ग बव्हंशी त्याबाहेर जातात. रोज सकाळी पथकाचा हिमस्खलनाचा इशारा वाचावा, स्थानिक गाईड घ्यावा आणि अफरवटच्या पलीकडच्या बाजूस त्याच्याशिवाय पाऊल टाकू नये, कारण नियंत्रण रेषा जवळ आहे. ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून चाचपण्याची लांब काठी) आणि फावडे चौघांकडेही हवे; गाडलेल्या माणसाला मिनिटांत काढावे लागते आणि ते काम बरोबरच्या तिघांनीच करायचे असते. दुसऱ्या दिवशी दमलेला माणूस ट्रान्सीव्हर सुरू करायला विसरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दारातून बाहेर पडताच एकेकाने पुढे चालून उरलेल्यांच्या यंत्रावर आवाज येतो की नाही ते तपासावे.

सोमवारच्या विमानाचे तिकीट मात्र काढू नका. तिकीट खिशात असले की रविवारचा इशारा कसाही असो, माणसाला तो सौम्य वाटू लागतो.

म्हापशेकर

सर्वांचे आभार. घाटमाथा यांचे गणित मित्रांपुढे मांडले तेव्हा काणकोणचा मित्र आधी रुसला, मग त्याने स्वतः पेन्सिल घेऊन तेच उत्तर काढले. आता असे ठरले आहे: बुधवारी पोचणे, शनिवारी ८०० मीटरांवरून परत फिरणे, आणि रविवारी इशारा अनुकूल असेल तर गोंडोल्याने वर जाऊन फक्त धारेवरून आडवे जाणे व उतरणे. संपूर्ण चढ पायांनी करण्याचा हट्ट सोडताना थोडे वाईट वाटले. परतीचे तिकीट बुधवारचे काढत आहोत. एक विचारायचे राहिले: गोव्याचे प्रीपेड सिम तिकडे चालेल काय?

आल्तिनोकर

बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. चौघांपैकी निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, आणि ती दोघे धारेवर एकत्र चालू नयेत.