'पहिला ब्लॅक ड्रायव्हर' हे लेबल रेसिंगमध्ये हवंच कशाला?

टायरवाला
रविवारी रेस चालू असताना ग्रुपवर परत तेच. फॉर्म्युला वनच्या लुईस हॅमिल्टनचं नाव निघालं की कोणीतरी "पहिला ब्लॅक चॅम्पियन" म्हणतंच. अरे ७ टायटल, शंभरावर विन, त्याला हे शेपूट कशाला? मी २००८ची ब्रिटनमधली सिल्व्हरस्टोनची रेस बघून फॅन झालो, धो धो पाऊस, बाकीचे गिरक्या घेतायत आणि हा गडी मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. स्टॉपवॉचला रंग दिसत नाही. भांडा, पण वैयक्तिक नको.

डबल_क्लच
स्टॉपवॉचला नाही दिसत, ते हातात धरणाऱ्याला दिसतो ना भाऊ! अमेरिकेचा ब्लॅक ड्रायव्हर वेंडेल स्कॉट माहितीये? १ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगची, २०० लॅपची (फेऱ्यांची) रेस. शेवटच्या टप्प्यात रिचर्ड पेटीची गाडी कुरकुरायला लागली आणि स्कॉट पुढे. २०० झाले, रेस संपल्याचा झेंडा नाही. २०१, नाही. २०२, तरी नाही. झेंडा दाखवला बक बेकरला, जो दोन लॅप मागे होता! ट्रॉफी, फोटो सगळं त्याचं. पब्लिक घरी गेल्यावर कधीतरी अधिकारी म्हणाले हो हो, स्कॉटच जिंकला. ब्लॅक माणूस जिंकून गोऱ्या ट्रॉफीवालीला किस करणार, ते अधिकाऱ्यांना नको होतं, असं खुद्द स्कॉटचंच म्हणणं.

हिशोबी_मास्तर
थांबा जरा. तेव्हा लॅप माणसं मोजायची, पेन्सिल आणि कागद. नॅस्कारच्याच १९५९च्या पहिल्या डेटोना ५०० रेसमध्ये आधी बोशँपला विनर केलं आणि तीन दिवसांनी ली पेटीला. दोघंही गोरेच की. प्रत्येक घोळात वर्णद्वेष शोधायचा का?

डबल_क्लच
मास्तर, ते दोघं चाकाला चाक लावून लाइनवर आले होते, फोटो बघून ठरवावं लागलं. इथे दोन अख्खे लॅप! आणि ली पेटीला तीन दिवसांत न्याय मिळाला, स्कॉटच्या घरच्यांना नॅस्कारने रीतसर ट्रॉफी दिली २०२१ला. तो १९९०लाच गेला.

शार्लटकर
मी राहतो तिथेच नॅस्कारचं हॉल ऑफ फेम आहे, स्कॉटला त्यात २०१५ला घेतलं. पण मला तुमच्या ट्रॉफीपेक्षा त्याचं गॅरेज भारी वाटतं. माणूस मूळचा मेकॅनिक, आर्मीत गाड्यांचंच काम, नंतर टॅक्सी चालवली, चोरटी दारू पोचवली. धड स्पॉन्सर नाही, जुने पार्ट जमवून इंजिन स्वतः बांधायचं, पिटमध्ये (रेस चालू असताना टायर-पेट्रोल बघतात तिथे) स्वतःचीच पोरं. असं करून ४९५ रेस, त्यात १४७ वेळा पहिल्या दहात. ज्याला रेसिंगचं वेड म्हणजे काय कळत नाही त्याला हे आकडे दाखवावेत.

टायरवाला
मग तेच म्हणतोय ना मी, पैसा! अडतं ते पैशावर. हॅमिल्टनलाही मॅक्लारेन टीमने लहानपणीच उचललं म्हणून तो वर आला, गरीब गोरी पोरंही कार्टिंगमध्येच (पोरांच्या छोट्या गाड्यांच्या रेसमध्ये) गळतात.

चिखल_ट्रॅक
पैशाचाच प्रश्न असता तर दारातच अडवायची काय गरज होती? १९२०च्या दशकात इंडियानापोलिसच्या इंडी ५०० रेसमध्ये ब्लॅक ड्रायव्हरला एन्ट्रीच नाही, म्हणून त्याच इंडियानापोलिसमध्ये १९२४ला त्यांनी स्वतःची गोल्ड अँड ग्लोरी रेस काढली, मातीवर १०० मैल. चार्ली विगिन्स, गॅरेजवाला, स्वतः बांधलेल्या गाडीने ती चारदा जिंकला, १९३६च्या अपघातात पाय गेला. पहिला ब्लॅक ड्रायव्हर विली रिब्स इंडी ५०० ला क्वालिफाय झाला थेट १९९१ला. मोजा मधली वर्षं.

हिशोबी_मास्तर
ठीक, संघटना नालायक होत्या. पण फॅनना त्यात ओढू नका. आपला नरेन कार्तिकेयन २०१०ला नॅस्कारच्या ट्रक सिरीजमध्ये (पिकअप ट्रकच्या रेस) मार्टिन्सव्हिलला उतरला, स्कॉटच्या गावाच्या, डॅनव्हिलच्या शेजारीच, आणि त्या सीझनचा मोस्ट पॉप्युलर ड्रायव्हर झाला, फॅनच्या मतांवर.

शार्लटकर
मतं ऑनलाइन होती मास्तर, निम्मी कोइम्बतूरची असतील 😄 आणि फॅनचं म्हणाल तर स्टँडमध्ये कॉन्फेडरेट झेंडे (गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचे) २०२०पर्यंत फडकत होते. नॅस्कारचा ब्लॅक ड्रायव्हर बुब्बा वॉलेस बोलला तेव्हा कुठे बंदी आली. तो २०२१ला टॅलाडेगाची रेस जिंकला, नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या कप सिरीजमध्ये स्कॉटनंतर जिंकणारा दुसराच ब्लॅक ड्रायव्हर, तर लगेच "पावसाने जिंकवला". पावसाने थांबलेल्या रेस बाकीचे जिंकतात तेव्हा हे लोक कुठे असतात?

टायरवाला
बुब्बा ओव्हररेटेडच आहे, त्याला रंगाशी जोडू नका.

चिखल_ट्रॅक
२०२५ला इंडियानापोलिसला नॅस्कारची ब्रिकयार्ड रेस जिंकला तो. त्या शेवटच्या रीस्टार्टमध्ये (रेस पुन्हा सुरू केली तेव्हा) दुसरा ड्रायव्हर लार्सन बाजूला असताना काय गाडी धरलीये ते आधी बघ, मग ओव्हररेटेड म्हण.