संस्थेच्या संगणकाला कुलूप लावायचं कुणी?

हिशेबनीसबाई:
एका छोट्या संस्थेचे हिशेब मी अकरा वर्षं बघतेय. मुलींचं वसतिगृह आहे, गाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन मार्चअखेरीला एका जुन्या देणगीदारांचा फोन आला, "नव्या खात्यात पैसे भरलेत, ८०जीची, म्हणजे करसवलतीची, पावती कधी पाठवताय?" आमचं खातं बदललेलंच नव्हतं! सचिवांच्या ईमेलमध्ये कुणीतरी शिरून आमचा पत्रव्यवहार वाचत बसलं होतं. मग आमच्याच लेटरहेडवर, आमच्याच 'स.न.वि.वि.'सकट, नवा खाते क्रमांक देणगीदारांना गेला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, पण तोवर नऊ दिवस उलटले होते. पैसे गेले ते गेलेच.

नंतर आयटीतली दोन मुलं मदतीला आली. एका शनिवारात सुरक्षेचं सगळं बसवून दिलं, वडापाव खाल्ला, गेली. सहा महिन्यांत त्यातला एक कॅनडाला गेला, आणि आमच्या मुख्य ईमेलचा रिकव्हरी नंबर, म्हणजे खातं अडकलं तर ओटीपी जातो तो, त्याचा!

म्हणून माझं स्पष्ट मत: असली फुकटची मदत नको. देणगीदार मुलींच्या गाद्यांना पैसे देतात, तसेच संगणकाच्या सुरक्षेलाही द्यावेत, आणि संस्थेनं पगारी माणूस ठेवावा.

शनिवारचा_गडी:
मीही असे शनिवार घालवलेत, म्हणून थोडं झोंबलं. पण मला सांगा, यात पैसा लागतोय कुठे? टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा ओटीपी मागणारं दुसरं कुलूप, फुकट आहे. गूगल नोंदणीकृत संस्थांना ईमेलची सोय फुकट देतं. वेबसाइटवर हल्ले होत असतील तर क्लाउडफ्लेअर कंपनीचा प्रोजेक्ट गॅलिलिओ अशा वेबसाइटांच्या बचावासाठी २०१४पासून आहे, तोही फुकट. मी गेलो त्या प्रत्येक ऑफिसात पासवर्ड कालनिर्णयच्या मागे लिहिलेला होता, तोही संस्थेचं नाव आणि पुढे १२३. पगारी माणूस ठेवलात तरी तो कागद काढायचा संस्थेलाच.

जुना_कार्यकर्ता:
तुम्ही दोघं उगाच बाऊ करताय. तीस वर्षं आमचं रजिस्टर गोदरेजच्या कपाटात आहे. आमच्यासारख्यांकडे चोरण्यासारखं आहे काय? सतरंज्या?

हिशेबनीसबाई:
काका, दरवर्षी ३१ मेच्या आत आयकर खात्याचा १०बीडी फॉर्म, देणग्यांचा तपशील, भरता ना? त्यात देणगीदारांचे पॅन असतात. ती यादी तुमच्या कपाटात नाही, सीएकडच्या पोराच्या लॅपटॉपवर आहे. आणि आमच्याकडे मुलींचे आधार, दवाखान्याचे कागद, कोणती मुलगी कुणापासून लपवून ठेवलीय तेही. सतरंज्या परवडल्या.

रात्रपाळी:
'आमच्याकडे काय आहे' म्हणणाऱ्यांनी रेडक्रॉसचं आठवावं. युद्धात, आपत्तीत ताटातूट झालेल्या माणसांना घरच्यांशी जोडून देणारं त्यांचं काम. त्यातल्या ५ लाख १५ हजारांहून जास्त लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली. चोर ९ नोव्हेंबर २०२१ला आत शिरले, पत्ता लागला १८ जानेवारी २०२२ला. सत्तर दिवस! सॉफ्टवेअरमधलं भोक माहीत होतं, ते बुजवणारं ठिगळही उपलब्ध होतं, वेळेवर लावलं गेलं नाही. पैसा आणि पगारी माणसं दोन्ही असलेल्या संस्थेची ही गत, तेव्हा बाईंचा उपाय मला पुरता पटत नाही.

प्रस्ताव_लिहिणारी:
मला मात्र बाईंचंच पटतं, फक्त वाट अवघड आहे. परदेशी देणगीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनं ५० टक्क्यांवरून २०वर आणली. सल्लागाराची फी, ऑफिसची दुरुस्ती-देखभाल, सगळं त्याच २०त. त्यात भाडं आणि हिशेबनिसाचा पगार गेला की उरतं काय? इथले देणगीदारही विचारतात, "यातून लाभार्थी किती?" आता या प्रश्नाला टू-स्टेपचं काय उत्तर द्यायचं? हल्ली मी सुरक्षेचा खर्च प्रकल्पाच्याच खर्चात धरते, 'मुलींच्या नोंदींचं जतन' असं लिहून. दोनदा मंजूर झालाय, एकदा खोडलाय.

शनिवारचा_गडी:
ही ओळ मस्त आहे, ढापतो. पण २०२३चा डेटा संरक्षण कायदा दाखवून संस्थांना घाबरवणारे सल्लागारही फिरू लागलेत, ते बघा. २५० कोटी दंड म्हणतात, तो कमाल आकडा आहे हे सांगत नाहीत. त्यांची एका दिवसाची फी एका संस्थेनं मला दाखवली. त्यात वर्षभराचं धान्य आलं असतं.

जुना_कार्यकर्ता:
बरं, पॅनचं डोक्यात आलं नव्हतं. सीएला विचारतो. पण टू-स्टेपचा तो ओटीपी आमच्या अध्यक्षांच्या फोनवर जातो. त्यांचं वय ८१, दुपारी फोन बंद करून झोपतात. मग आम्ही काय, त्यांच्या उठण्याची वाट बघायची?

शनिवारचा_गडी:
काका, ऑफिसातल्या दोघांचे नंबर टाका, अध्यक्षांना झोपू द्या. शिवाय बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसेल तेव्हा ओटीपीऐवजी चालणारे आकडे, छापून घ्या आणि ते मात्र खुशाल गोदरेजच्या कपाटात ठेवा. तुमचं कपाट शेवटी कामी आलं. आणि बाई, त्या कॅनडावाल्याकडून नंबर बदलून घेतलात की अजून तसाच?

हिशेबनीसबाई:
घेतला, गेल्याच महिन्यात. आपल्याकडे दुपारचे साडेबारा, म्हणजे त्याच्याकडे रात्रीचे तीन वाजलेले, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तो उठला, चाचपडत चष्मा शोधला, ओटीपीचे आकडे दोनदा वाचून दाखवले आणि विचारलं, "दहावीच्या मुलींचा निकाल काय लागला?" त्याला झापायचं ठरवून फोन केला होता, ते राहूनच गेलं. पगारी माणसाचं मात्र अजून माझं तेच मत आहे.