शब्दचर्चा: स्मॉल ग्रुपला मराठीत काय म्हणता? आणि 'सहभागिता' म्हणजे नक्की काय?

पिंपरीची_ताई
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या चर्चमध्ये एरियाप्रमाणे स्मॉल ग्रुप सुरू करायचं ठरलंय, आठ-दहा घरं मिळून एक, आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं. त्याचं मराठी पत्रक काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'लघुगट' लिहिलं की बचत गटाची मीटिंग वाटते, 'छोटा समूह' म्हटलं की सरकारी जीआर. पाळकसाहेब म्हणाले 'सहभागिता' लिहा. मी ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं, सहभागिता म्हटल्यावर काय डोळ्यासमोर येतं, तर म्हणे स्पर्धेत नंबर नाही आला की जे सर्टिफिकेट देतात ते. आता बोला.

नगरवाला
हसलो, पण मैत्रीण चुकली नाही. चर्चबाहेर या शब्दाचा तेवढाच अर्थ उरलाय. आपण मात्र दर रविवारी उपासना संपताना आशीर्वादात 'पवित्र आत्म्याची सहभागिता' ऐकतो, त्यामुळे कानाला इतका सवयीचा झालाय की अर्थ विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.
मूळ ग्रीक शब्द कोइनोनिया. मराठी बायबलात त्याला एकच शब्द नाही हे मुद्दाम बघण्यासारखं आहे. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिले विश्वासणारे कशात तत्पर होते, तर शिक्षणात आणि 'सहवासात', भाकर मोडण्यात, प्रार्थनेत. योहानाच्या पहिल्या पत्रात 'भागी' येतं. आता सहवास आणि भागी यात केवढा फरक बघा. सहवास म्हणजे जवळ असणं, एका डब्यातून रोज लोकलने जाणाऱ्यांचाही सहवास असतो. भागी म्हटलं की नफा आला, तोटा आला, हिस्सा आला.
आमचे बहुतेक ग्रुप सहवासावरच थांबतात. गाणी, वचन, प्रार्थना, चहा, चला निघतो.

शब्दवेडा_कोथरूड
मी ख्रिस्ती नाही, शब्दांसाठी इथे येतो, म्हणून एक भाबडा प्रश्न. 'संगत' का नाही चालत? किंवा सरळ सत्संग?

नगरवाला
हिंदी चर्चमध्ये संगती म्हणतातच, आणि पुण्या-मुंबईच्या मिक्स चर्चमधून ते मराठीतही शिरलंय, "रविवारी संगतीला या" असं सर्रास ऐकू येतं. पण मराठीत संगत म्हटलं की आधी वाईटच आठवते. पोरगं बिघडलं की संगत वाईट, ढवळ्याशेजारी बांधला पवळा वगैरे. सत्संगात एक बोलतो बाकीचे ऐकतात, असं माझ्या डोक्यात बसलंय, तुम्ही दुरुस्त करा.

शब्दवेडा_कोथरूड
बरोबर आहे साधारण. आणि ते 'मंडळी' काय प्रकरण आहे? आमच्याकडे आजोबा आजीला "आमची मंडळी" म्हणायचे, त्यामुळे चर्चच्या बोर्डवर 'मंडळी' वाचलं की मला अजून हसू येतं.

सिस्टर_इन_लॉ
हसू नका, नव्या करारात मंडळीला ख्रिस्ताची वधूच म्हटलंय, आजोबा अगदी शास्त्रशुद्ध बोलत होते 😄

वसईकर_आगरातला
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे हे जरा वेगळ्या वाटेने आलं. मुंबई धर्मप्रांतात १९८० च्या दशकात पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, छोटे छोटे भाग पाडून स्मॉल ख्रिश्चन कम्युनिटी सुरू झाल्या, दहा-वीस शेजारी घरांची एक. तेव्हा वसईही मुंबई धर्मप्रांतातच होती, आमचा वेगळा धर्मप्रांत १९९८ चा. बोलताना कोणी पूर्ण नाव घेत नाही, "आज आपल्या समूहाची मीटिंग" एवढंच. त्यात शुभवर्तमान वाचायची सात पायऱ्यांची पद्धत असते, ती दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को या कॅथलिक संस्थेची. उतारा वाचायचा, मनाला लागलेला शब्द मोठ्याने म्हणायचा, मग गप्प बसायचं, मग सांगायचं. आणि शेवटाकडे एक पायरी आहे जी नेहमी घाईत उरकली जाते, आपल्याला एकत्र मिळून काय करायचंय ते ठरवायची. सगळी मेख तिथेच आहे.
त्याआधीही शेजार जमायचाच की. क्रूसाजवळ लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना, व्हायची, झाली की पानात उकडलेले चणे, आणि चणे खाताना कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाची विहीर आटली हे सगळं कळायचं. त्याला कोणी सहभागिता म्हटलं नाही.
नगरवाल्यांच्या 'भागी'ला माझा दुजोरा, लूक ५:१० बघा. याकोब आणि योहान शिमोनाचे 'भागीदार' होते असं आहे. तिथे ग्रीकमध्ये याच कुळातला शब्द आहे. मासेमारीतले भागीदार! होडी, जाळं, कर्ज सगळ्यात. कोळीवाड्यात हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पिंपरीची_ताई
हे भारी आहे. पण पत्रकावर 'भागीदारी' लिहिलं तर लोकांना वाटेल चर्चने फर्म काढली.

अंधेरी_लोकल
मला शब्दापेक्षा त्या मीटिंगमध्ये काय बोलतात याचा प्रॉब्लेम आहे. आमच्या आधीच्या ग्रुपमध्ये दोनच शब्द चालायचे, साक्ष आणि प्रार्थनाविषय. साक्ष म्हणजे काय, तर झालेलं काम. नोकरी गेली होती, प्रार्थना केली, मिळाली, देवाचं नाव धन्यवादित असो. ज्याची नोकरी गेलीय आणि अजून मिळाली नाही त्याने काय द्यायचं? तो गप्प बसतो, आणि दोन महिन्यांनी यायचाच बंद होतो, मग आपण म्हणतो तो विश्वासात थंड पडला.
आणि प्रार्थनाविषय हा तर फार सोज्वळ शब्द. एका ताईने नवऱ्याच्या पिण्याबद्दल रडत रडत सांगितलं, ती रिक्षाने घरी पोचायच्या आत व्हॉट्सॅपवर "अमुक ताईंच्या कुटुंबासाठी विशेष प्रार्थना, मिस्टर व्यसनात आहेत" असा मेसेज, तोही मोठ्या ग्रुपवर. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही, कारण आपण चहाडी थोडीच करतोय, विषय देतोय!

सिस्टर_इन_लॉ
हो हो हो. हे प्रत्येक चर्चमध्ये आहे.
साक्षीबद्दल मात्र थोडं वेगळं वाटतं. कोर्टात साक्षीदार काय करतो, जे पाहिलं ते सांगतो, निकाल त्याच्या हातात नसतो. म्हणजे "अजून काही झालेलं नाही, तरी मी प्रार्थना सोडली नाही" हीसुद्धा साक्षच. शब्दात खोट नाही, आपण तिला गोड शेवटाची अट घातली.
आणि आपल्याकडे एक झकास शब्द पडून आहे, गाऱ्हाणं. स्तोत्रसंहिता उघडा, गाऱ्हाण्यांनी भरलीय, हे देवा किती काळ, तू मला विसरलास का. दाविदाला चालतं तर आमच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला का नाही? साक्षीची वेळ असते तशी पाच मिनिटं गाऱ्हाण्याची ठेवा.

कडक_मेथडिस्ट
गाऱ्हाण्याला वेळ दिली की त्याच त्याच दोन माणसांचं तेच तेच दर आठवड्याला ऐकायला लागतं, हे अनुभवाने सांगतो. लीडर खमक्या लागतो.

सिस्टर_इन_लॉ
त्याच दोन माणसांच्या घरी कधी जाऊन आलात का पण?

कडक_मेथडिस्ट
बरं, मान्य. त्यावरूनच एक सांगतो. आमच्या मेथडिस्ट परंपरेत याला क्लास मीटिंग म्हणतात आणि तिची सुरुवात अगदी रोकड्या व्यवहारातून झाली. १७४२, ब्रिस्टल, इमारतीचं कर्ज फेडायचं होतं. ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, बारा-बारा जणांचे गट करायचे, एकाने घरोघर जाऊन गोळा करायची, आणि ज्याला जमत नाही त्याची गोळा करणाऱ्यानेच भरायची. तर हे गोळा करणारे दारात गेल्यावर त्यांना कळायला लागलं की घरात काय चाललंय, कोण पितो, कोण उपाशी आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पैशाच्या निमित्ताने माणसं सापडली. पुढे १८७१-७२ च्या सुमारास अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आला तेव्हा त्यानेही आधी घराघरातूनच असे गट बांधले, मंडळी त्यातून उभी राहिली.
आणि कोइनोनियाचा एक अर्थ वर्गणीच आहे, रोमकरांस १५:२६ मध्ये यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पैसे जमवले त्याला पौल हाच शब्द वापरतो. पैशाचा विषय निघाला की सहभागिता आत्मिक होते आपली, हे बरंय!

नगरवाला
टिळकांचीही आठवण निघायला हवी इथे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा झालेले न झालेले दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र. १९१९ ला ते गेले, त्यामुळे फार वाढलं नाही. पण नाव बघा, दरबार. तिथे लहानमोठा कोणीही येऊन आपलं म्हणणं मांडू शकतो. सिस्टरचं गाऱ्हाणं तिथे फिट्ट बसतं.

शेतातून_थेट
खूप उशिरा वाचतोय, राहुरीकडचा आहे. तुम्ही ग्रीकमध्ये शोधताय, आमच्या आजीला विचारलं असतं तर एका शब्दात मिळालं असतं: सावड. आज तुमच्या रानात सगळे, उद्या माझ्या. आमच्या वाडीतली ख्रिस्ती घरं प्रार्थनेला जमायची तीच खुरपायलाही सावडीने जायची, कोण कुठल्या अडचणीत आहे हे वाफ्यात खाली मान घालून बसल्यावर आपोआप बाहेर यायचं.

अंधेरी_लोकल
वा! पण सावडीत हिशोब असतो ना? मी दोन दिवस आलो, तू दोन दिवस ये. ज्याच्या घरी कामाचा माणूसच नाही, म्हातारी एकटी आहे, तिने कशी फेडायची?

शेतातून_थेट
हिशोब असतो, खरंय. मग त्याला इर्जिक. नांगरटीला लोक आपापले बैल-औतं घेऊन यायचे, ज्याचं रान त्याने जेवण घालायचं, परतफेड काही नाही. आता ट्रॅक्टर आले, इर्जिक फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिली. पण एकट्या म्हातारीचं रान कोणी पडीक ठेवायचं नाही एवढं होतं.

नगरवाला
यावरून गलतीकरांस ६. दुसऱ्या वचनात 'एकमेकांची ओझी वाहा' आणि पाचव्यात प्रत्येकाने आपापला 'भार' वाहायचा. लोक म्हणतात पौल स्वतःलाच खोडतोय. ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत आणि मराठी भाषांतरकारांनीही दोन वेगळे ठेवलेत, शाबास. आपापला भार म्हणजे रोजची जबाबदारी, पाठीवरची पिशवी. ओझं म्हणजे एकट्याने उचलत नाही ते.
पण चर्चच्या बोलीत ओझ्याचं काय झालंय? "प्रभूने माझ्या मनावर अमक्यासाठी ओझं घातलंय." म्हणजे मला वाईट वाटतंय. वाहून कुठेच नेलं नाही, नुसतं मनावर ठेवलं.

सिस्टर_इन_लॉ
आमच्या ग्रुपमधलं एक सांगते, नावं नाहीत. एका घरातल्या बाईंचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. प्रार्थना चालूच होती. एका बुधवारी सत्तरीचे एक काका, जे कधीच मोठ्याने प्रार्थना करत नाहीत, त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि सोम, बुध, शुक्र असे रकाने आखले. कोण सोडणार, कोण आणणार, मुलीला शाळेतून कोण घेणार. पेन फिरवलं. दोघांनी टाळलं, बाकीच्यांनी लिहिलं. तो कागद त्यांच्या फ्रिजवर होता बरेच महिने, वरण सांडून पिवळा झालेला. त्या दिवशी वचनावर चर्चा झालीच नाही, वेळच उरला नाही.

कडक_मेथडिस्ट
वचन वाचायला हवं होतं तरी.

सिस्टर_इन_लॉ
पुढच्या बुधवारी वाचलं हो 🙏

शब्दवेडा_कोथरूड
मी 'सहभाग' आणि 'सहभागिता' मधला फरक विचारणार होतो, राहू दे, कळला.

पिंपरीची_ताई
पत्रक उद्या प्रेसला द्यायचंय. 'सावड' मला फार आवडला, पण पिंपरी-चिंचवडच्या सोसायटीत निम्म्या लोकांना माहीत नाही आणि उरलेल्यांना खुरपणीच आठवेल. तेव्हा वर 'घरोघरची सहभागिता' लिहितेय, कृत्यांमध्ये 'घरोघरी' आहेच. खाली दोन ओळी: इथे सांगितलेलं इथेच राहील, व्हॉट्सॅपवर जाणार नाही. आणि काही चांगलं घडलेलं नसलं तरी या. नाश्त्याचं काय लिहू? सासूबाई म्हणतायत पहिल्या मीटिंगला पावभाजी.

अंधेरी_लोकल
चहा-बिस्किटं. छापूनच टाका. आमच्याकडे पोह्यांपासून सुरुवात झाली, चढाओढीत बिर्याणीपर्यंत गेली, आणि एका खोलीत भाड्याने राहणारी तीन घरं "आमच्याकडे ठेवू नका हं" म्हणायला लागली.